ज्यू परंपरेतून मुलांना मानवी हक्क शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या घरी दर रविवारी सकाळी दहा-बारा मुलं जमतात. निम्मी आमची, म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. निम्मी सोसायटीतली, पोह्यांच्या वासाने आली आणि मग राहिली अशी. तोरा हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, मिश्ना हा रब्बींनी म्हणजे धर्मपंडितांनी जुळवलेला नियमांचा संग्रह, तालमूद ही त्यावरची चर्चा. यांतल्या गोष्टी सांगत सांगत आम्ही मानवी हक्कांवर बोलतो. पालक दारात चपला घालता घालता जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

ज्यू धर्मग्रंथांत 'हक्क' हा शब्द तरी आहे का?

आज आपण ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने तोरामध्ये हा शब्द सहसा सापडत नाही. तोरा सगळं कर्तव्याच्या भाषेत बोलते: हे कर, ते करू नकोस. मुलांना शिकवताना ही अडचण वाटते, पण मला ती सोय वाटते. 'तुला अमुक हक्क आहे' असं सांगितलं की मूल विचारतं, मग मला तो कोण देणार? कर्तव्याच्या भाषेत देणारा आधीच ठरलेला असतो.

याचं मला आवडणारं उदाहरण सरव्याचं. सुगी झाल्यावर शेतात गळून पडलेली कणसं, लोंब्या गोरगरीब वेचून नेतात, तो सरवा. आजीच्या तोंडी हा शब्द होता. मुलांना आता समजावून सांगावा लागतो. तोरातल्या 'लेवीय' या पुस्तकात (अध्याय १९) शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेचं पीक कापू नकोस, खाली पडलेलं उचलू नकोस, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोड. इथपर्यंत हे दानधर्मासारखं वाटतं. पण मिश्नामधला 'पेआ' नावाचा भाग वाचला की रंग बदलतो. कडेचं किती सोडायचं? साठाव्या हिश्शाहून कमी चालणार नाही. कुणाला द्यायचं हे शेतकऱ्याने ठरवायचं का? नाही. तो आपल्या ओळखीच्या गरिबाला पुढे घालू शकत नाही. एकाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, किंवा एकाला वेचायला मदत केली, तर मिश्ना त्याला गरिबांना लुबाडणारा म्हणते.

लुबाडणारा, म्हणजे ते धान्य त्याचं नव्हतंच. कंजूष म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. शब्द नसला तरी हक्क आहे तो इथे, साठाव्या हिश्शाच्या मापासकट.

हे मी मुलांना अंगणात शिकवते. एक पोतं अंथरायचं, मूठभर शेंगदाणे टाकायचे, एकाला शेतकरी करायचं. शेतकरी झालेला मुलगा दर वेळी आपल्या मित्राला शेंगदाणे पुढे सरकवतो. दर वेळी भांडण होतं. भांडण झालं की धडा अर्धा झालेला असतो.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

'हे बरोबर नाही' असं मूल पहिल्यांदा रडून म्हणतं तेव्हापासून. बहुतेक घरांत तीन-चार वर्षं. 'मानवी हक्क' हा शब्द मात्र आठ-नऊ वर्षांपर्यंत काढायची गरज नाही.

अगदी पहिला धडा कोणता?

नाण्यांचा. मिश्नाच्या सान्हेद्रिन भागात (अध्याय ४) साक्षीदारांना ताकीद देतानाचा उतारा आहे. माणूस एकटाच का निर्माण केला, असं तिथे विचारलंय आणि उत्तरं तीन-चार दिलीत. एक: कुणी एक जीव घेतला तर त्याने सगळं जग नष्ट केलं, आणि एक जीव वाचवला तर सगळं जग वाचवलं, हे कळावं म्हणून. दुसरं: 'माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा' असं कुणी म्हणू नये म्हणून. तिसरं मुलांना फार आवडतं. माणूस एका साच्यातून नाणी पाडतो, ती सगळी सारखी निघतात. देव सगळ्यांना पहिल्या माणसाच्या साच्यातून काढतो आणि एकही दुसऱ्यासारखा निघत नाही.

मी डब्यातून एक-एक रुपयाची नाणी ओतते आणि मुलांना फरक शोधायला सांगते. जुनं-नवं सोडलं तर फरक सापडत नाही. मग शिक्क्याचं पॅड उघडायचं आणि पांढऱ्या कागदावर प्रत्येकाचा अंगठा. भिंग एकच असल्यामुळे ढकलाढकली होते. मागच्या वर्षी वर्गात जुळ्या बहिणी होत्या, त्यांना कुणीतरी म्हणालं की तुमचे तर सारखेच असणार. दोघींचे ठसे शेजारी शेजारी ठेवून अख्खा वर्ग भिंगातून बघत बसला. एकीचा भोवरा डावीकडे कललेला, दुसरीला भोवराच नव्हता. एवढी शांतता त्या वर्गात मी पुन्हा अनुभवली नाही.

याच धड्यात तोराच्या पहिल्याच अध्यायातला शब्द येतो: बेत्सेलेम, म्हणजे देवाच्या प्रतिमेत घडवलेला. सगळ्यांचा साचा एक आणि तरी प्रत्येक जण वेगळा. 'सगळे समान' एवढंच सांगितलं तर मूल म्हणतं, मग तो माझ्यापेक्षा जोरात कसा पळतो? या नाण्याच्या गोष्टीत त्याचं उत्तर आयतं मिळतं.

एक गोष्ट पालकांसाठी. या मजकुराच्या काही छापील प्रतींत 'इस्रायलमधला एक जीव' असं आहे. अनेक जुन्या हस्तलिखितांत 'इस्रायलमधला' हा शब्द नाही. पूर्ण युक्तिवाद आदामाचा, म्हणजे पहिल्या माणसाचा आहे, आणि आदाम तर ज्यू नव्हता, त्यामुळे मला जुना पाठच पटतो. मोठ्या मुलांना मी दोन्ही सांगते. कुराणातही (५:३२) हेच वचन इस्रायलच्या वंशजांचा उल्लेख करून आलंय. वर्गातल्या एका मुलाच्या आईने ते मला पाठ म्हणून दाखवलं.

आम्ही ज्यू नाही. मुलं धर्म बदलायला शिकतील का?

ज्यू धर्मात लोकांना आपल्यात ओढायची पद्धत नाही. कुणी स्वतःहून यायचं म्हटलं तर त्याला आधी परावृत्त करायची रीत आहे. मुलांना मलिद्याचे गोड पोहे आवडतील, एवढाच धोका.

दान आणि त्सेदाका यांत फरक काय?

त्सेदाका हा शब्द 'त्सेदेक' म्हणजे न्याय यावरून आलाय. दान द्यावं की नाही हे देणाऱ्याच्या मनावर. त्सेदाका मात्र द्यावीच लागते. स्वतः त्सेदाका घेऊन जगणाऱ्यालाही त्यातलं थोडं द्यावं लागतं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताने देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची कुरकुरत देण्याची. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. मधल्या काही पायऱ्यांवर प्रश्न असा की देणाऱ्याला घेणारा माहीत आहे का आणि घेणाऱ्याला देणारा. मुलांना आठ कागद देऊन क्रम लावायला सांगा. धनादेश हातात घेऊन फोटो काढणारे कुठल्या पायरीवर, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. मी काढत नाही, कारण त्यातल्या काहींचे बाबा त्या फोटोंत असतात.

आमच्या कोकणातल्या जुन्या पद्धतीत दारफळणीच्या सणाच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो. त्या दिवशी गरिबांना द्यायचं आणि नातेवाइकांना भेटायला जायचं. वर्गाची त्सेदाकेची पेटी आम्ही त्याच दिवशी उघडतो.

घरात रोज दिसेल असं एखादं उदाहरण?

दोन आहेत. पहिलं सोपं: गच्चीचा कठडा. तोरातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (अध्याय २२) आज्ञा आहे की नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर कुणी पडून मेला तर त्याचं रक्त तुझ्या घरावर. मुलांना सोसायटीच्या गच्चीवर न्या, कठडा पट्टीने मोजायला सांगा. पडणारा कोण असेल हे तोरा विचारत नाही. पाहुणा असेल, चोरही असेल. त्याचा जगण्याचा हक्क आणि तुमच्या विटा-सिमेंटचा खर्च हे तिथे एकाच ओळीत आलेत.

दुसरं उदाहरण माझ्यावरच उलटलं. रोजंदारी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो, असं अनुवाद २४ सांगतं. त्यावर तालमूद विचारतं: हा माणूस शिडी चढला, झाडाला लोंबकळला, जीव धोक्यात घातला तो कशासाठी? मजुरीसाठीच ना? नारळ पाडायला आलेला माणूस ज्याने माडाच्या शेंड्यावर पाहिलाय त्याला हे वाक्य वेगळं समजवावं लागत नाही. एका रविवारी मी हे रंगवून सांगितलं. संध्याकाळी जेवताना माझा मुलगा म्हणाला, 'आई, आज सात तारीख. मावशींना पगार दिलास?' नव्हता दिला. सुट्टे नाहीत, उद्या देते, असं एक तारखेपासून चाललं होतं. मावशींनी एकदाही मागितला नव्हता, आणि तेच जास्त वाईट. त्या रात्री मी त्यांच्या घरी जाऊन पैसे दिले. त्यांना ते विचित्रच वाटलं. पुढच्या महिन्यापासून एक तारखेला सकाळी पाकीट ओट्यावर असतं.

शब्बाथचा मानवी हक्कांशी काय संबंध?

शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, त्यामुळे सरळ संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सांगतं. शब्बाथची आज्ञा वाचली तर सुट्टी कुणाकुणाला आहे याची यादीच तिथे दिलीय: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. मालकाने विश्रांती घ्यावी हे सांगायला आज्ञा कशाला लागते? ती यादीच्या शेवटच्या माणसासाठी आहे, आणि गाढवासाठी.

आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून. मुलांना मी विचारते, घाणा बंद असला की त्या दिवशी बैल काय करत असेल? चित्रं काढा. एका मुलीने बैलाला झोपाळ्यावर बसवलं होतं.

माझी मुलगी विचारते, देवाच्या नियमांत मुलींना वाटा का नाही. काय सांगू?

तिला त्सलाफहादच्या मुलींची गोष्ट सांगा. मह्ला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा. नावं पाठ करून घ्या, कारण ज्या काळात बायकांची नावं लिहायची पद्धत फारशी नव्हती त्या काळी या पाचही नावांनिशी नोंदल्या गेल्यात. वाळवंटात बाप वारला, भाऊ नाही. नियमाप्रमाणे बापाची जमीन दुसऱ्यांकडे जाणार. या पाच जणी सगळ्या मंडळींसमोर आपल्या लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं? मोशेला उत्तर सुचलं नाही. त्याने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतायत. आणि कायदा बदलला.

पुढचा भागही लपवू नका: नंतर त्यांना आपल्याच वंशात लग्न करायची अट घातली गेली. मुली म्हणतील, म्हणजे अर्धाच न्याय. हो, अर्धाच. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच वाटा केंद्राच्या कायद्याने २००५ साली मिळाला (महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्ये दिला होता), आणि अजूनही किती घरांत 'हक्कसोड'वर सह्या होतात हे तुम्हाला माहीत आहे.

पण तोरामध्ये गुलामगिरी आहे, दगडांनी मारण्याची शिक्षा आहे. त्याचं काय?

आहे. ते वगळून शिकवलं तर बारा वर्षांचं मूल एक दिवस स्वतः वाचेल आणि तुमच्यावरचा विश्वास उडेल.

मी मुलांना दाखवते की वाचणाऱ्यांनी त्या मजकुराचं काय केलं. हट्टी आणि बंडखोर मुलाला गावाच्या वेशीवर नेऊन दगड मारावेत, असं अनुवाद २१ मध्ये लिहिलंय. रब्बींनी त्याला इतक्या अटी घातल्या, वय एवढंच हवं, आईबापांचा आवाज सारखा हवा, की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असं तालमूदमध्येच म्हटलंय. मग लिहिलं कशाला? अभ्यास करून पुण्य मिळवायला. वर्गात हे ऐकून मुलं हुश्श करतात आणि लगेच आपापल्या आयांकडे बघतात.

देहदंडाबद्दल मिश्ना म्हणते, सात वर्षांत एकाला फाशी देणारं न्यायालय घातकी. एक रब्बी म्हणतात, सात नव्हे, सत्तर वर्षांत. तारफोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही तिथे असतो तर एकालाही दिली नसती. त्यावर चौथा म्हणतो, मग तुम्ही खुनी वाढवले असते. वाद तिथेच सोडलाय. मीही सोडते.

गुलामगिरीवर मात्र माझ्याकडे असं छान उत्तर नाही. पळून आलेल्या दासाला मालकाकडे परत पाठवू नकोस, ही आज्ञा (अनुवाद २३) मी सांगते. त्यापुढे, ती प्रथा तिथे आहे आणि ती चूक होती, हेही सांगते.

'परक्यावर प्रेम कर' हे मुंबई-ठाण्यातल्या मुलांना कसं समजवायचं?

'परक्यावर प्रेम कर, कारण तुम्ही मिसर (इजिप्त) देशात परके होता.' तालमूद म्हणतं, परक्याबद्दलची ताकीद तोरामध्ये ३६ वेळा आलीय, काहींच्या मते ४६ वेळा. इतक्या वेळा सांगावं लागलं म्हणजे ऐकत नसणार. आया एकच गोष्ट छत्तीसदा का सांगतात हे मुलांना चांगलं माहीत असतं.

आमच्यासाठी मिसर लांब पडतं, नवगाव जवळ. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी आमची परंपरागत कथा आहे. भिजलेल्या, भाषा न येणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या चौदा माणसांना त्या गावाने राहू दिलं. त्यांच्या वंशजांची आडनावं पेणकर, किहीमकर, दिवेकर झाली, सणांना मराठी नावं पडली, आणि ज्यू म्हणून या मातीत त्यांना कुणी हाकललं नाही. मी मुलांना विचारते: समजा त्या दिवशी गावकऱ्यांनी आधी ओळखपत्र मागितलं असतं तर? मग २०२० च्या टाळेबंदीत हायवेवरून पायी निघालेल्या मजुरांबद्दल बोलायला फार प्रस्तावना लागत नाही. एका मुलाने विचारलं, 'ते तर आपल्याच देशातले होते, मग परके कसे?' हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि पुसला नाही. पुढचे दोन रविवार तो तिथेच होता.

शाळेत मुलाला चिडवतात. यावर काही आहे?

चारचौघांत एखाद्याचा चेहरा पाडणं म्हणजे रक्त सांडण्यासारखं, असं तालमूद (बाबा मेत्सिया) म्हणतं. कारणही शरीरातलं देतं: अपमान झाला की लाली जाते आणि चेहरा पांढरा पडतो, म्हणजे रक्त गेलंच की. मुलांना हे लगेच पटतं, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं. आता चारचौघं म्हणजे व्हॉट्सॲपचा वर्गाचा ग्रुप, एवढी भर घाला.

मूल फारच प्रश्न विचारायला लागलं तर?

मग पेसाह, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण, तुमच्या कामाचा. सेदेरच्या, म्हणजे या सणाच्या विधिवत जेवणाच्या, रात्री सगळ्यात धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारल्याशिवाय सुटकेची गोष्ट सुरूच होत नाही. १८७४ साली पुण्यात हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हापासून तरी आमच्या घराघरांत हे प्रश्न मराठीतही वाचता आले. गुलामाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून सुटकेचा सण प्रश्नाने सुरू होतो, असं माझे वडील म्हणत. मिसरच्या दहा आपत्ती वाचताना प्रत्येकीला प्यालातला एक थेंब बाजूला काढतात. शत्रू मेला तरी आपला प्याला भरलेला ठेवायचा नाही, असा त्याचा एक अर्थ सांगतात.

होलोकॉस्टबद्दल कधी आणि कसं सांगावं?

होलोकॉस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. वयाच्या दहाच्या आत नको, आणि फोटोंपासून तर नकोच. मी यानुश कोर्चाकपासून सुरू करते. वॉर्सातला ज्यू डॉक्टर, लहान मुलांसाठी लिहिणारा. १९१२ पासून क्रोखमाल्ना रस्त्यावरचं अनाथालय त्याने चालवलं. तिथे मुलांची स्वतःची संसद होती, स्वतःचं न्यायालय होतं. मूल म्हणजे उद्याचा माणूस नव्हे, आजचाच माणूस, हे त्याचं म्हणणं.

नाझींनी अनाथालय घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, हलवलं. तिथे उपासमारीत, १८ जुलै १९४२ रोजी, मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं 'डाकघर' हे नाटक केलं. खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघणाऱ्या आजारी अमलचं नाटक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेण्यात आलं. कोर्चाकला स्वतःला वाचवायची संधी देऊ केली गेली होती. तो मुलांबरोबर गेला.

इथे मी थांबते. छावणीत काय झालं ते मोठी मुलं विचारतात तेव्हा सांगते, लहानांना नाही. पण पुढची एक गोष्ट सगळ्यांना सांगते: मुलांच्या हक्कांसाठी जागतिक करार असावा असा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडने मांडला. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८९ मध्ये मंजूर केला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला.

जाहीरनामा मुलांना वाचायला द्यावा का?

द्यावा, पण तीसही कलमं एकदम नकोत. एकाला एक कलम. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आठ देश तटस्थ राहिले. मसुद्यावर ज्यांचा मोठा हात होता ते रेने कासाँ फ्रेंच ज्यू. १९६८ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. आणि पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावणाऱ्या हंसा मेहता आपल्या. जन्म सुरतेचा, पण मुंबईच्या कायदेमंडळात बसलेल्या. त्सलाफहादच्या मुलींनंतर लगेच त्यांचं नाव घ्यावं.

२९वं कलम सहसा कुणी वाचत नाही. प्रत्येकाची समाजाप्रती कर्तव्यं आहेत, असं ते सांगतं. सरवा तिथे परत येतो.

आपल्याच लोकांनी केलेला अन्याय मुलांना सांगायचा का?

हो, आणि वर्षाच्या शेवटी नव्हे, मध्यावरच. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात आई ज्यू नव्हती ते काळे, त्यांच्याशी सोयरीक नाही. आजूबाजूला जात होती, ती आम्हीही उचलली. माझ्या आजीच्या बोलण्यात हे शब्द होते, आणि ती प्रेमळ बाई होती.

कोचीत 'परदेसी' नावाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बाकांवर बसू देत नसत, तोरा वाचू देत नसत. त्यांच्यातलेच एक, वकील ए. बी. सालेम, यांनी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला. लोक त्यांना 'यहुदी गांधी' म्हणत.

आणि उलट बाजू: इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासावी, असा आदेश १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने काढला. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये सरकारने त्यांची बाजू घेतली आणि आदेशातून बेने इस्रायलांचं नाव निघालं. काळे म्हणणारे आम्हीच आणि तिकडे जाऊन काळे ठरलेलेही आम्हीच. मुलांना हे हसण्यासारखं वाटतं आणि मग वाटत नाही.

मुलं गाझाबद्दल विचारतात. तुम्ही काय सांगता?

नाण्यांचा धडा सीमेवर संपत नाही, हे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो मुलांसह दहा हजारांच्या पटीत पॅलेस्टिनी मारले गेले. वर्गातल्या काहींचे मामा-मावश्या अश्दोद आणि दिमोनात राहतात. ते सायरन ऐकून पळाले तेही सांगते. इस्रायलमध्येच १९८९ पासून 'बेत्सेलेम' नावाची मानवी हक्क संघटना आहे, नाव आपल्या पहिल्या धड्यातलंच. तिच्या म्हणण्यावरून तिथे कडाक्याचे वाद होतात, तेही सांगते. कुणाची बाजू घ्यायची हे मी ठरवून देत नाही. मेलेल्या मुलांची मोजणी करताना आधी त्यांचा धर्म विचारायचा नाही, एवढं मात्र ठरवून देते. यावरून दोन पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. एकाचं म्हणणं मी फार बोलले, दुसऱ्याचं फार कमी.

आम्ही देव मानत नाही. चालेल?

चालेल. कठडा देव न मानणाऱ्यालाही पडू देत नाही.

आता मुलगा दात घासायला सांगितलं तरी 'हा माझा हक्क आहे' म्हणतो. तुम्हीच शिकवलंत, तुम्हीच उपाय सांगा.

त्याला न्यायालय काढून द्या. कोर्चाकच्या अनाथालयात कुणीही कुणावर तक्रार नोंदवू शके, मोठ्यांवरसुद्धा. न्यायाधीश मुलंच, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. कायद्याची पहिली नव्व्याण्णव कलमं माफीची किंवा सुटकेची होती. शिक्षेपर्यंत पोचायला शंभरी ओलांडावी लागे.

आमच्या घरी वही फ्रिजवर लटकवलेली असते आणि सुनावणी शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी. फिर्यादीला आपल्या हक्काबरोबर आपलं एक कर्तव्यही लिहावं लागतं, नाहीतर अर्ज दाखल होत नाही. दात घासण्याची केस या अटीवरच बाद झाली. मागच्या महिन्यात माझ्यावर खटला होता: जेवताना फोन बघते. मी म्हटलं, कामाचा होता. न्यायाधीश, वय नऊ, यांनी विचारलं, 'मग हसत का होतीस?' पहिल्या कलमाखाली सुटले. तेव्हापासून रात्री आठ ते नऊ माझा फोन तांदळाच्या डब्यात असतो.